कुसुमनं नाव घेतलं

अमरावती, रविवार, १२ जानेवारी १९५८

मघापासून आरशापुढे उभा राहून नावं घेऊन राहिलो आहे. ‘नारायण’ म्हणताना ओठ मिटत नाहीत. ‘मधुकर’ म्हणताना मिटतात. तिचे मिटले होते!

गॅदरिंगसाठी कॉलेजची पोरं मुका सिनेमा काढत आहेत. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण चावीचा कॅमेरा माझ्या मामाचा, म्हणून मी लागतो. आज वलगावला लग्नाचा सीन होता. नवरी कुसुम, नवरा आमचा नारायण. प्रभाकर दिग्दर्शक, तो ओरडला, “उखाणा घे वं कुसुम! आवाज येतच नाही, काहीही बोल!”

तिनं पदर सावरला, नारायणकडे न बघता सरळ कॅमेऱ्यात पाहिलं अन् नाव घेतलं. कॅमेऱ्याच्या घरघरीत ऐकू काहीच आलं नाही. दिसले फक्त ओठ. तेव्हा वाटलं, मिटलेच ना? की मलाच वेड लागलं?

“मध्या, तिनं कॅमेऱ्यात पाहिलं. पुन्हा घे,” प्रभाकर म्हणाला.

“नाही घेत!” मी भडकलोच. “फिल्म संपली.”

अर्धं रीळ शिल्लक होतं.

सामान बांधताना कुसुम जवळ आली. “खोटं काहून बोलले हो?”

मी कॅमेरा पेटीत ठेवू लागलो.

“मी तुमचं नाव घेतलं. आता तुमी परीक्षा द्या. बिनपदवीचा जावई बाबाले चालत नाही.”

कॉलेज सोडताना ज्या प्रिन्सिपॉलच्या टेबलावर पुस्तकं आपटून आलो, उद्या त्यांच्याच दारात उभं राहायचं. माफी मागता मागता भांडलो नाही, म्हणजे मिळवली.