भातसेच्या काठी कोरियाचा भोंगा

चि. संघरत्ना हिला सदानंद मामाचा मनापासून जय भीम.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर बोलायची सोय आता राहिलेली नाही (का, ते पुढे येईलच, घाई करू नकोस). इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी आई खुशाल आहे, म्हणजे गुडघे वगळून. माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आहे, माझ्या मते जेवढी लागते तेवढीच आहे. भात लावून झालं, आता नुसतं बघत बसायचं. तुझी तब्येत कशी आहे? तिकडच्या त्या आंबवलेल्या कोबीने पित्त होत असेल तर आमसुलं मागव, ताईने आधीच बांधून ठेवली आहेत. तुमच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांची तब्येत विचारत नाही, ती आम्हाला टीव्हीवर रोज कळते.

पत्र किती दिवसांत पोचतं ते विचारायला मी शहापूरच्या पोस्टात गेलो होतो. खिडकीतल्या मुलाने विचारलं, काका, कोरिया कुठला, वरचा की खालचा? मी घाईने खालचा म्हणालो आणि घरी येऊन पाकिटावर ‘दक्षिण’ या शब्दाखाली लाल पेनाने तीन रेघा मारल्या. चुकून वर गेलं तर पंचाईत. एकतर तिथून पत्राला उत्तर येत नाही, आणि दुसरं म्हणजे मी या पत्रात आपल्या धरणाबद्दल बरंच लिहिणार आहे.

तर मूळ मुद्दा. कंपनी तुला आणखी दोन वर्षं ठेवून घेते आहे आणि महिनाअखेरीला सही करायची आहे, हे तू ताईला कळवलंस तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी सातला बातम्या लावते. पूर्वी या वेळेला ती मालिका बघायची. मालिकेत सुना एकमेकींच्या दुधात औषध घालायच्या, पण घरात शांतता होती. आता एक माणूस नकाशासमोर उभा राहून ओरडतो, त्याच्या मागून लाल बाण सुटतात आणि समुद्रात पडतात. मध्यंतरी त्या वरच्यांनी फुग्यांना कचरा बांधून तुमच्याकडे सोडला, तेव्हा ताईला जरा बरं वाटलं. ती म्हणाली, “कचरा टाकतात म्हंजे मानसं हायेत, शेजारीच हायेत.” पण दुसऱ्या दिवशी परत बाण सुटला.

एकदा तिने मला सरळच विचारलं, “सदा, ती हद्द रत्नाच्या घरापासून किती लांब?” इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी लिहिली (माझ्या आकड्यावर मुंबई आंघोळ करत होती, विसरू नकोस), त्यामुळे आकडा विचारला की खरं तोंडातून निघतं. म्हणालो, पन्नास किलोमीटर. ताई म्हणाली, “म्हंजे इथनं ठानं.” त्या दिवसापासून ठाण्याकडून मेघ गडगडला तरी ती तुला फोन लावते.

आता एवढं जग घाबरतं ते कशाला, यावर आमची रोज चर्चा होते. माझं म्हणणं, बाँब वाईट खराच, पण जो कुणाच्या लग्नाला जात नाही, मयताला जात नाही, ज्याच्या घरी कुणी पाटावर बसत नाही, त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते कळणार कसं? मग धूर दिसला की सगळे बादल्या घेऊन धावतात. ताईचं म्हणणं माझ्यापेक्षा सोपं आहे. ती म्हणते, त्यांना एकदा जेवायला बोलवा, जेवताना मानूस खोटं बोलत नाय. मी म्हटलं, मोठमोठ्या देशांनी बोलावून पाहिलं, जमलं नाही. तर म्हणे, “भाजी आळणी केली असंल.”

आता त्या बुधवारचं सांगतो. तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्ध्यावर तू फोनमधून गेलीस.

वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन विहारात चालू आहे. संध्याकाळी वीज जाते म्हणून बायकांनी वाचन सकाळी दहाला घेतलं. कर्ण्याचं मशीन माझ्या ताब्यात. (बंटीचं मशीन आहे, पण तो सकाळी कल्याणला जातो; आणि खटके-बटणं म्हटलं की गावाला माझीच आठवण येते, याचा मला थोडा अभिमानही आहे.) विहाराच्या गच्चीवर कर्णा आहे आणि त्याचं तोंड नदीकडे आहे, कारण गावाकडे केलं तर आमच्या वरच्या घरातली जनाबाई तक्रार करते. ताई माइकसमोर वाचत होती. साडेदहाला तुझा व्हिडिओ कॉल आला. ताईने पुस्तकात काडी घातली, फोन माइकजवळ धरला आणि बायकांना म्हणाली, “माजी लेक. कोरियातून.” बायका म्हणाल्या, ऐकू येत नाय. मग मी बटण पूर्ण फिरवलं. चूक माझी आहे. लेखी दिलेलंच आहे, इथेही देतो.

तू “आई” म्हणालीस, हसलीस, आणि तुझ्या मागून भोंगा सुरू झाला.

रत्ना, मी भोंग्यात आयुष्य काढलं. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध करायचं, हेच माझं काम. पण तुमचा तो हल्ल्याचा भोंगा ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. काय आवाज आहे! वर चढतो, थांबतो, खाली येतो, परत चढतो. आणि तो विहाराच्या कर्ण्यातून सरळ भातसेच्या पात्रात. ऑगस्ट महिना, धरण काठोकाठ भरत आलेलं, दरवाजे आज उघडतात की उद्या म्हणून सगळे कान टवकारून बसलेले. तू मागे “सराव आहे, सराव आहे” म्हणत होतीस म्हणे, पण ते कोण ऐकणार?

पुढे काय झालं ते मी गच्चीवरून बघितलं. लडकूने नदीत डुंबणाऱ्या नऊ म्हशी एका दमात वर काढल्या. एरवी त्याची एक म्हैस संध्याकाळी हलायला अर्धा तास घेते. जागा दिसेना म्हणून त्याने त्या शाळेच्या व्हरांड्यात घातल्या, आणि पोरांना सुट्टी मिळाली. धुण्याच्या बायका कपडे सोडून पळाल्या, एक जण मात्र सगळ्यांचे कपडे गोळा करून पळाली आणि कुणाचा परकर कुणाकडे यावर अजून वाद चालू आहे. पलीकडच्या गावाने आपला भोंगा ऐकून स्वतःचा ढोल बडवला, त्यांचा ढोल ऐकून खालच्या गावाने देवळाची घंटा. अर्ध्या तासात नदीकाठची चार गावं उंचावर उभी राहिली आणि सगळे नदीकडे बघत होते. नदी आपली होती तेवढीच.

त्या दिवशी घाटावर रघूच्या आजोबांचा दहावा होता. पिंड ठेवून दीड तास झाला, कावळा शिवेना. रघूने म्हाताऱ्याला सगळी वचनं दिली होती, आजीला सांभाळू, पडवी नीट करू, धाकट्याशी भांडण मिटवू. भांडण मिटवायचं म्हटल्यावरही कावळा फांदीवरच. तेवढ्यात भोंगा झाला आणि भटजींसकट सगळे पळाले. वर येऊन बघतात तर कावळा शांतपणे पिंड खातो आहे. म्हाताऱ्याला बहुतेक एवढंच हवं होतं, की सगळ्यांनी जरा लांब व्हावं. रघू संध्याकाळी माझ्या पाया पडून गेला. म्हणाला, कोरियावाल्यांना पन सांगा.

पण धरणाच्या ऑफिसातून फोन आला तो पाया पडायला नव्हता. साहेब नवीन, भला माणूस. त्याने विचारलं, “सदानंदराव, आमचे दरवाजे बंद आहेत, भोंगा आमच्याकडे वाजला नाही, मग वाजला कुठे?” मी म्हणालो, सेऊलला. तो म्हणाला, हे लेखी द्या. मग मी लेखी खुलासा दिला: ‘सदर भोंगा दक्षिण कोरिया सरकारचा असून त्याचा भातसा धरणाशी काही संबंध नाही. सदर भोंग्यामुळे कोणतीही जीवितहानी झाली नाही. एक परकर गहाळ आहे.’ गावात ठराव झाला की सदानंद मामाच्या घरी परदेशचा फोन आला तर तो मशीनपासून शंभर पावलं लांब घ्यावा. ताईने तर फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला आहे, ती हात लावत नाही. म्हणून हे पत्र.

आता हसायचं संपलं, थोडं ऐक. भोंगा सुरू झाल्यावर चारी गावं एकमेकांना फोन लावू लागली आणि नेटवर्क गेलं. तू पडद्यावरून गेलीस ती अकरा मिनिटं. सराव आहे हे बाकी कुणाला नाही तरी मला तुझ्या हसऱ्या चेहऱ्यावरून कळलं होतं, मी ताईला चार वेळा सांगितलं. तिने ऐकलं नाही. विहारातल्या सगळ्या बायका उठून पळाल्या, ताई माइकसमोर तशीच मांडी घालून बसली, फोन दोन्ही हातांत धरून. मीही मग गच्चीवरून खाली येऊन बाजूला बसलो. अकरा मिनिटांनी तुझा अंगठा वर केलेला फोटो आला आणि ती मला म्हणाली, “लिही तिला. परत ये म्हनावं. शहापुरात काय नोकऱ्या नायत?”

तर हे पत्र म्हणजे तुझ्या आईचा निरोप समज. परत ये. सही करू नकोस. इथे घर आहे, भात आहे, आई आहे, आणि वरचा शेजारी म्हणजे फार तर जनाबाई आहे. आईचं मन मोडू नये, एवढंच मोठा म्हणून सांगतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, भोंग्यातून निवृत्त आणि भोंग्यानेच बदनाम झालेला,
सदानंद मामा

ता. क. – ताई कोंबड्या कोंडायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. वरचं सगळं तिच्या सांगण्यावरून आहे. तू येऊ नकोस. सही कर. आपल्या घरातून बाहेरदेशी गेलेली तू पहिली, मी तुझ्या नावावर चार गावांत छाती फुगवून फिरतो. ताईला मी समजावीन. पण माझी एक अट आहे. त्या दिवशी तुझ्या मागे लोक हातात कॉफी घेऊन चालताना मी बघितले, भोंगा चालू असताना, आणि तूही हसत उभी होतीस. माझ्या नोकरीत एका वर्षी एक माणूस भोंगा ऐकून म्हणाला होता, “रोजचंच हाय,” आणि चप्पल आणायला परत खाली उतरला. त्याचं नाव मी अजून घरात घेत नाही. बाँब त्यांच्याकडे किती आहेत ते मला माहीत नाही. मला भीती वाटते ती तुम्हाला भोंग्याची सवय झाली याची. भोंगा झाला की पहिली तू जिना उतरून तळघर गाठ. लोक हसले तर हसू देत. मामाने सांगितलंय म्हणावं.

ता. क. दुसरा – पत्र पकडलं गेलं. पाकीट चिकटवण्याआधी ताईने (माझं अक्षर तिला लागत नाही म्हणून) जनाबाईच्या सुनेकडून, निशिगंधाकडून, सगळं वाचून घेतलं, ता. क. सकट. मी ओटीवर मान खाली घालून बसलो होतो. ताई चिडली नाही. म्हणाली, तिने तर गेल्या रविवारीच निशिगंधाच्या फोनवरून तुला ‘ऱ्हा’ म्हणून सांगितलंय आणि तू मंगळवारी सहीसुद्धा केलीस. मग मला कशाला लिहायला लावलं, असं विचारलं तर म्हणे, “परत ये असं आईनं म्हनायला नको? नायतर पोरीला वाटंल, घरी वाट बघनारं कोन नाय.”

मी म्हणालो, मग आता हे पत्र कशाला टाकायचं? ताई म्हणाली, टाक. तुमचा तो सराव पंधरा मिनिटांचा असतो ना? निशिगंधाने घड्याळ लावून वाचलं, पत्राला सतरा मिनिटं लागतात. तेव्हा आईचा निरोप असा आहे: भोंगा झाला की हे पत्र घेऊन खाली जायचं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय वर यायचं नाही.