पाचव्या थरातला रंग

बंगळूर, १२ ऑगस्ट २०२४

ती. श्रीपादमामांस,

सा. न. वि. वि. मामींना वाकून, तुम्हांला उभ्यानंच. कारण उंदरांच्या डोक्यात एवढं काय बघायचं असतं, असं तुम्ही विचारलंत.

तर ऐका. मेंदूच्या सालीत सहा थर असतात, वरून खाली मोजायचे. पार आत, मधोमध, थॅलॅमस बसलेला असतो. डोळ्यांचे, कानांचे, कातडीचे निरोप त्याच्यामार्फत वर सालीकडे जातात. पण सालीतले खोल थरही उलट खाली त्याच्याकडे तंतू पाठवतात, आणि तेच माझं काम. सहाव्या थराचे तंतू बारीक, टोकं इवलीशी, पण संख्येनं चिक्कार. ते नुसतं ‘जरा जास्त, जरा कमी’ असं सुचवत राहतात. पाचव्याचे तंतू मोजके, टोकं टपोरी. त्यांनी सांगितलं की थॅलॅमसला हलावंच लागतं. थोडक्यात, सहावा थर म्हणजे तुम्ही आणि पाचवा म्हणजे मामी.

आता बातमी. मी उंदरांच्या पाचव्या थरात चमकणारा, तंतूंतून टोकांपर्यंत पोचणारा रंग सोडला, तर थॅलॅमसमध्ये टपोऱ्या टोकांबरोबर इवलीशी टोकंही उजळली! पाचव्याची अशी टोकं कुणी पाहिलेली नाहीत. आमच्या गाईड श्रद्धाबाई मला डिसेंबरात पुण्याच्या परिषदेत बोलायला उभं करणार आहेत. तुम्ही दोघांनी यायचंच.

माया आहे तेवढी असू द्यावी. कमी पडली तर मागून घेईन.

इरावती

लोणावळा, २३ ऑगस्ट

चि. इरावतीस थरावर थर आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. उपमा तिला फार आवडली. मला आवडली का, हे कुणी विचारलं नाही.

इकडची हवा म्हणशील, तर अडीच महिन्यांत टॉवेल वाळलेला नाही. वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीतलं पाणी आमच्या स्वयंपाकघरात उतरलंय. सोपान गवंडी आला होता. मी ओल दाखवली, तर म्हणाला, ओल हितं दिसती, पर पानी कुटनं आलंय ते आदी बगू.

त्यावरून एक अडाणी शंका. तू रंग पाचव्यात सोडतेस आणि सहावा लगेच त्याच्या खाली. मग तो झिरपत नाही कशावरून? टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं मी केबली जोडल्या. तिकोणा पेठेच्या लाइनीत पाणी शिरलं की एकाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायचा. तुमच्याकडे यावर काही सोय असेलच. रागावू नकोस.

मामी विचारते, वजन वाढलं का. खरं नको लिहूस, ती खाऊ पाठवेल.

तुझा, सदैव सुचवत राहणारा,
श्रीपादमामा

बंगळूर, २० सप्टेंबर

ती. मामांस,

सा. न. वि. वि. महिनाभर पत्र नाही, कारण मी रागावले होते. पहिले आठ दिवस तुमच्यावर, पुढे स्वतःवर.

सोय होती, मामा. रंग कुठे थांबला ते प्रत्येक उंदराच्या मेंदूच्या कापात बघायचं असतं. मी बघितलंही होतं, पण उत्साहात, वरवर. आता सहाही उंदरांचे काप पुन्हा काढले. चौघांत सहाव्या थरातल्या पेशीही चमकतायत. दोघांत रंग पाचव्यातच राहिलाय, आणि त्या दोघांच्या थॅलॅमसमध्ये इवलंसं टोक एकही नाही. म्हणजे ती टोकं सहाव्याचीच होती. माझा शोध म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातली ओल.

श्रद्धाबाईंना अजून सांगितलेलं नाही. ते काप माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. गप्प राहिले तर डिसेंबर झोकात पार पडेल. हे मी कुणालातरी लिहायला हवं होतं, म्हणून तुम्हांला.

एवढं वाचूनही लोभ उरला तर असू द्यावा.

इरावती

लोणावळा, २९ सप्टेंबर

चि. इरावतीस रजनीमामीचे आशीर्वाद.

‘पोरीचं काम मी बुडवलं’ असं घोकत मामा चार दिवस धड जेवलेले नाहीत. तीन पत्रं लिहून फाडली. म्हणून मी लिहिते.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. एकदा फळ्यावर माझं गणित चुकलं. नंदा नावाच्या मुलीनं उभं राहून ते सांगितलं. तिचं बरोबर होतं, हे मला तत्क्षणी कळलं होतं. तरी मी तिला म्हणाले, खाली बस. वर्गात कुणाला काही समजलं नाही. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीनं पुन्हा हात वर केला नाही. हे मी तुझ्या मामांनासुद्धा आजवर सांगितलेलं नव्हतं.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. पाचवा थर असले तरी.

लाडू वेगळे पाठवलेत. प्रेम लाडवांत आहे, पत्रात शोधू नये.

रजनी

लोणावळा, १५ डिसेंबर

चि. इरावतीस,

आशीर्वाद परवाच समक्ष दिले. तू त्याच संध्याकाळी विमानानं गेलीस, म्हणून राहिलेलं लिहितो.

तुझं इंग्रजी भाषण मला निम्मं कळलं आणि मामीला सगळं, असं ती म्हणते. पण ‘आम्ही चुकलो होतो’ असं म्हणून तू ते झिरपलेल्या रंगाचं चित्र भिंतीवर लावलंस, ते मात्र मला पुरतं कळलं. श्रद्धाबाई पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या. तू खरं सांगितल्यावर दोन दिवस त्या तुझ्याशी बोलल्या नव्हत्या, असं तू फोनवर म्हणाली होतीस. पण पहिली टाळी त्यांचीच, हे मी मागून पाहिलं.

आणि हे तुला ठाऊक नसेल. मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर सुटातले एक टक्कल पडलेले गृहस्थ व्हरांड्यात फोनवर ओरडत होते, की आपल्या सगळ्या उंदरांचे सगळे काप आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, मी येईपर्यंत एकही लेख कुठे पाठवू नका. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, ती मुलगी तुमची कोण. मी भाची म्हणालो. या मुलीनं आमची दोन वर्षं वाचवली की बुडवली तेच कळेना, असं म्हणून ते मट्‌कन बाकावर बसले. मी माझ्या हातातलं पाणी त्यांना दिलं.

ओंजळभर माया सोबत जोडतो, पोच द्यावी.

श्रीपादमामा