ओट्यावर कोण बसणार?

३ मे

माझी मैत्रीण न्यीमासाता उभी राहणार! वॉर्डाच्या निवडणुकीला! नदीच्या ह्या काठावर अजून एकही बाई उभी राहिलेली नाही. भाजीच्या मळ्यात वांग्यांना पाणी घालता घालता तिने सहज सांगितलं आणि माझ्या हातातली बादलीच कलंडली. पाण्याची आधीच बोंब. पंप मागच्या उन्हाळ्यापासून मोडलाय, विहिरीतून ओढून ओढून आम्हा बायकांचे तळहात सोलवटलेत. आणि पुरुष? गावातल्या मोठ्या सावरीखालच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे बंताबावर बसून दर आठवड्याला ठरवतात की पुढच्या आठवड्यात ठरवू! त्या ओट्यावर बाईने बसायचं नाही. बसली तर काय होतं ते कुणालाच माहीत नाही, कारण कुणी बसलेलीच नाही.

मी म्हटलं, अगं, मतांनी काय होतंय? मताची गोटी पिंपात पडते, टिंग वाजते, आणि घरी आल्यावर भाताचा पहिला वाडगा नवऱ्यालाच. आधी माणसांची डोकी ताळ्यावर आण.

ती म्हणाली, "आणि जालिका, तू इतकी वर्षं लोकांना हसवत नाचून कुणाचं डोकं ताळ्यावर आणलंस? ते हसतात, घरी जातात आणि झोपतात."

झोंबलं. मेली खरं बोलते म्हणून जास्तच झोंबलं.

५ मे

आज सगळ्या कान्येलेंग माझ्या अंगणात! म्हणजे ज्यांची लेकरं जगली नाहीत अशा आम्ही बायका. माझी दोन गेली. अशा बाईने लाज सोडायची, नवऱ्याची विजार चढवायची, डोक्यावर वाळक्या भोपळ्याचा तुंबा घालून वेडंवाकडं नाचायचं, वाटेल त्याला वाटेल ते बोलायचं – आणि कुणी आमच्यावर रागवायचं नाही, ही रीत. अल्लाला हसू आलं की तो मूल ठेवून जातो म्हणतात. माझ्याकडे अजून ठेवलेलं नाही. पण ह्या बायांनी मला हसायला लावलं, नाहीतर तेव्हा विहीर जवळ होती.

ठरलं! न्यीमासातासाठी गावोगाव नाचायचं. मी कमरेला नवऱ्याच्या मोडक्या सायकलची घंटी बांधली. कंबर हलवली की टिर्रिंग! आमच्यातली सगळ्यात म्हातारी सुतायआत्या हसून हसून खालीच बसली.

११ मे

तीन गावं नाचलो. पाय गेले, घसा गेला. अब्रू तर कधीच गेलीय!

१७ मे

काय करून बसले मी!

मतदान शाळेत होतं. पडद्याआड तीन रंगांची पिंपं, एकेका उमेदवाराचं एक. गोटी टाकली की आतली घंटा एकदाच वाजते, बाहेर सगळे कान लावून ऐकतात. म्हणून त्या दिवशी शाळेजवळ सायकल आणायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण मी सायकल कुठे आणली होती? मी फक्त घंटी आणली होती! सकाळी नाचून तशीच रांगेत उभी राहिले, वर फडकी गुंडाळली आणि विसरले.

न्यीमासाताच्या आंबारंगी पिंपात गोटी टाकली. टिंग. वळले, आणि कमरेत टिर्रिंग!

बाहेर एकच गोंधळ. समोरचा उमेदवार आन्सुमाना, त्याची माणसं म्हणाली, बाईने दोन गोट्या टाकल्या, पिंपच बाद करा. मतदानाच्या साहेबांनी माझी घंटी जप्त केली. दोन बोटांत धरून नेली, मेलेला उंदीर न्यावा तशी. म्हणाले, मोजणीत कळेल.

न्यीमासाता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुझ्या खेळापायी माझं सगळं हसण्यावारी जाईल," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. घरी येऊन खूप रडले.

१८ मे

गोट्या बरोबर निघाल्या! एकही जास्त नाही! आणि न्यीमासाता निवडून आली! आली! आली! साहेबांनी घंटी परत दिली, हसू दाबत. न्यीमासाताने आधी माझा कान पिळला, मग गळ्यात पडली. दोमोद्याच्या रश्शात शेंगदाण्याचं कूट जरा जास्तच पडलं, तरी आज कुणी नावं ठेवली नाहीत.

२१ मे

गावचे अल्कालो, म्हणजे मुखिया, केबाकाका, त्यांनी नव्या सदस्याचा सत्कार केला. बंताबाजवळ. पुरुष वर ओट्यावर, आणि सत्कारमूर्ती खाली चटईवर! चहाचा पेला वरून खाली आला. पंपाचं विचारलं तर, पुढच्या आठवड्यात.

नंतर मळ्यात न्यीमासाता म्हणाली, "मत माझं वाजलं, पण ओटा त्यांचाच राहिला."

मी नव्हतं का सांगितलं, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. बरं, अर्धंच गिळलं!

२४ मे

आज धमाल! विजारी, टोप्या, कोळशाच्या मिशा – आम्ही सगळ्या कान्येलेंग सरळ ओट्यावर चढलो! सुतायआत्या अल्कालो झाली. तसंच खाकरायची, तशीच मांडीवर मांडी टाकून बसायची आणि काहीही विचारलं तरी, पुढच्या आठवड्यात ठरवू. पुरुष पोट धरून हसत होते. केबाकाका तर डोळे पुसत होते. आणि काय सांगू, नदीवरचा वारा थेट त्या ओट्यावर येतो! हे उठत का नाहीत ते आज कळलं.

न्यीमासाताला हाक मारली, ये गं वर. ती खालीच उभी.

"गंमत म्हणून नाही बसायचं मला," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही उतरलो. ते चढले. झालं.

२५ मे

दिवसभर तिचं बोलणं डोक्यातून जाईना. खरंच की. विजार घातली की मला सगळं माफ, पण मग मी काय बोलले ते कुणाच्या लक्षात राहतं? आणि तिचं मत मोजलं, तरी बसायला जागा नाही. दुपारी तिच्या घरी गेले. म्हटलं, ओटा फुटला नाही, मोडला नाही, बाई बसली तरी आभाळ कोसळलं नाही, हे काल साऱ्या गावाने बघितलंय. आता उद्या साध्या कपड्यांत जाऊ. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू आधी चढ."

कमरेची घंटी सोडून खुंटीला टांगून ठेवली.

२६ मे

चढलो. दोघी. बसलो. केबाकाकांनी आधी माझ्या कमरेकडे पाहिलं – घंटी शोधत असावेत. नव्हती. कुणी हसलं नाही. मग काका जरा सरकले, दोन पेले पुढे केले आणि विचारलं, "पंपाचं काय करायचं म्हणता?"