एकोणऐंशीचा खण

३ नोव्हेंबर
अकोले गावी पोचलो. भातकापणी चालू आहे, सगळीकडे वास. यज्ञेश्वर सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. इंग्रजी अक्षरांना आकडे कुणी, कधी दिले, यावरचं त्यांचं पुस्तक टाइप करायचं. राहणं-जेवण त्यांच्याकडेच. त्यांच्या पत्नी पुष्पावतीकाकूंनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, तुम्ही दुष्काळी पाथर्डीची माणसं पाणी पितात, की नुसतं बघतात? आईला फोन केला. मी एकुलता एक. लवकर ये म्हणाली.

६ नोव्हेंबर
सर सांगतात, हिब्रू आणि ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. इंग्रजीची तशी रीत नव्हती. गूढविद्येच्या नादी लागलेल्यांनी ती बसवली; बरीचशी गेल्या पन्नास वर्षांत. एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. मग खरं कोणतं, मी विचारलं. एकही नाही, म्हणाले.

११ नोव्हेंबर
सरांनी शब्दांची कार्डं अक्षरांच्या बेरजेप्रमाणे कपाटाच्या खणांत लावलेली. ए एक, बी दोन, झेड सव्वीस. बेरीज सारखी, ते एकच, असा गूढविद्यावाल्यांचा नियम.
एकोणऐंशीच्या खणात दोनच कार्डं. नीलांबरी. रविराज.
नीलांबरी त्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या रस्त्याला जीप उलटली, त्यात गेली. माझ्या कार्डावर मी अर्ज पाठवला त्या दिवसाची तारीख आहे. बेरीज दोनदा करून पाहिली.
हे माणसांनी रचलेलं, असं तुम्हीच म्हणता, मी म्हणालो. सर म्हणाले, रचलेल्याशिवाय आमच्याकडे उरलंय काय?

१७ नोव्हेंबर
काकूंनी माझ्या ताटाशी नीलांबरीचा तांब्या ठेवला. मी पाणी प्यायलो. त्या रडल्या.
किराणावाला मला ताई म्हणाला. थट्टा नसावी.

२२ नोव्हेंबर
आईला फोन. कोन बाई तुमी, म्हणाली. मी रवी म्हटलं. थट्टा करू नगा, लेकाचा आवाज कळतो मला — फोन ठेवला.

२६ नोव्हेंबर
बॅग भरून निघालो. काकूंनी अडवलं नाही. पुन्हा जीपनंच जातेस का, एवढंच विचारलं.
एसटी समोरून गेली. मी घराच्या पायरीवरच बसून —

३० नोव्हेंबर
आई आली आहे. लेकाला न्यायला. सर म्हणाले, तो केव्हाच गेला.
मी पाणी दिलं. गुणाची हाय तुमची लेक, आई म्हणाली.
मी आई म्हणून हाक मारली. दोघींनी पाहिलं. काकू उठल्या. आईने पिशवी उचलली.
तिला वाचता येत नाही. पण माझं अक्षर ती ओळखते. ही वही तिच्या हाती द्यायची. फाटकाशी पोचली — आई, हे बघ, हे माझं