अनुमोदनाला कोणी उभं राहिलं नाही

राजधानी, १४ मार्च १९८८

ती. डनस्टनदादास,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी कनिष्ठ सभागृहात माझा पहिला ठराव मांडला. बेल ऑन्सच्या आजाऱ्यांना आपल्या बेटावरून इथल्या दवाखान्यात आणायला सरकारने इंजिनाची बोट द्यावी, एवढाच. पंधरा सदस्यांत चौदा सरकारचे, विरोधी बाकावर मी एकटी. आपल्या गावच्या सेलेस्टीनचं सगळं सांगितलं. वारा पडला, शिडाची होडी भर समुद्रात अडकली आणि ती कळा देता देताच गेली. एक मंत्री चक्क डोळे पुसत होते. मग सभापतींनी विचारलं, अनुमोदन कोणाचं? कोणी हललं नाही. डोळे पुसणारेही नाहीत. अनुमोदनावाचून चर्चा नाही, ठराव तिथेच संपला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे एका टेबलाशी बसतात. मी गेले की बोलणं हवापाण्यावर येतं. म्हणून हल्ली बाहेर पायरीवर बसून खाते. हसू नकोस.

मेर्लवहिनीला नमस्कार. माया आहेच, पत्राला तेवढा उशीर नको.

तुझी,
आयव्हेल्डा

बेल ऑन्स, २ एप्रिल

चि. आयव्हेल्डास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मालाच्या होडीतून आलं, अर्धं भिजून. पायरीचं वाचून तुझी वहिनी दिवसभर चुलीशी पुटपुटत होती. मी मात्र हसलो. लहानपणीही रुसलीस की पायरीच गाठायचीस.

शनिवारी माझी नवी होडी पाण्यात लोटली. दोर ओढायला सगळा गाव होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तू. सेलेस्टीनची आई म्हणाली, पोरीला कळव, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, त्या चौदांपुढे वाकू नकोस. माझंही तेच म्हणणं.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

राजधानी, २१ मे

ती. दादास,
सा. न.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. पंतप्रधानांनी बोलावून सांगितलं, आमच्या बाकावर आलात तर बोट याच वर्षी, नाहीतर पाच वर्षं भाषणं करा. गाव पाठीशी आहे, पण अनुमोदनाला उभं राहायला गावाला सभागृहात येता येत नाही. काल मी जागा बदलली. त्यांनी बाकं वाजवली. आता सगळे जेवायला बोलावतात आणि मी सबब सांगून घरी एकटीच जेवते.

शिव्या दे, पण पत्रातून दे. गप्प बसू नकोस.

आयव्हेल्डा

राजधानी, १० ऑगस्ट

दादा, मे महिन्यापासूनचं हे चौथं पत्र. वहिनीच्या हातच्या दोन ओळी आल्या तरी चालतील.

बेल ऑन्स, ३ डिसेंबर

चि. आयव्हेल्डास,
आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला जन्मभर लागलं असतं. गावात पुष्कळांनी तुझं नाव टाकलंय. बोट आली त्या दिवशी धक्क्यावर कुत्रंही नव्हतं. मीही नव्हतो.

सोमवारी सेलेस्टीनच्या धाकट्या बहिणीला कळा लागल्या. मूल पायाळू. तिची आई धक्क्यावर हटून उभी राहिली, म्हणे त्या बोटीत पाय ठेवणार नाही. शेवटी मी म्हातारीला दंडाला धरून चढवली. पाऊण तासात राजधानीच्या दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतताना म्हातारी तुझ्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

राजधानीहून निघण्याआधी दुपारी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. खिडकीतून दिसलीस, एकटीच जेवत होतीस. हाक मारवेना, परत फिरलो. तेव्हापासून मला चैन नाही.

पुढच्या निवडणुकीत माझं मत तुला नाही, हे तोंडावर सांगितलेलं बरं. नाताळला मात्र घरी ये. धक्क्यावर दुसरं कोणी येणार नाही. मी असेन.

दादा