सूर्य दिसणारी खोली

८ डिसेंबर, निपाणी

जहाजातल्या खोल्यांचा भाव नुसता विचारायला बेळगावला जाऊन आलो. डिझेल, टोल, आम्हा नवरा-बायकोची जेवणं, आणि मेहुणीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दोन किलो कुंद्याची मिठाई. विचारणंच अडीच हजाराला पडलं! जहाज अजून समुद्रातच.

एजंट नागेंद्र, पोरगा गोड. मुंबईहून गोवा, परत मुंबई. खोल्या तीन तऱ्हेच्या — बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची. मी बिनखिडकीवर बोट ठेवलं. झोपायला खिडकी कशाला? पाइपांचं दुकान काढलं तेव्हा गोडाऊनातच झोपायचो. तिथं दारसुद्धा धड नव्हतं.

९ डिसेंबर

चंदना येत नाही म्हणते. सूर्य बुडायच्या आत जेवायचा तिचा नेम, लग्नाआधीपासूनचा. "आत कोंडून घातल्यावर सूर्य बुडला का न्हाय, मला कसं कळायचं?" मोबाइलात वेळ बघ म्हटलं. "मोबाइलात निपाणीचा सूर्य. समुद्रातला येगळा असतोय."

भावाशी घासाघीस होते, नेमाशी नाही. आणि तिच्याशिवाय एकटा जाऊन मी काय पाणी मोजू?

लेकीला, क्षमाला, पुण्याला फोन केला. आईचं बरोबर आहे आप्पा, म्हणाली — आणि खोकत सुटली. पुण्याची हवा.

१२ डिसेंबर

बाल्कनी. घेतली एकदाची. पण कुठल्या अंगाची? गोव्याकडं जाताना मावळत उजव्या हाताला. उजवीच दे म्हटलं. नागेंद्र म्हणाला, "अण्णा, येताना सूर्य डावीकडं जाणार की." मग येताना खोली बदलून दे! तो पाणी प्यायला उठला. चंदना म्हणाली, असू दे, येताना मी अंदाजानं जेवीन.

किती समजूतदार बाई.

भावही पाडला थोडा. समोरच्याच्या आवाजावरनं त्याच्या पोटातलं ओळखतो मी. मला कोण गुंडाळणार?

२० डिसेंबर

गोडाऊनात पाइप मांडून खोलीचं माप आखलं. दोघं आत जाऊन बघितलं. न्हाणीत मी अडकलो.

१७ जानेवारी, जहाजावर

भोंग्यातून पुकारलं — जैन जेवण लागलंय. घड्याळात साडेपाच. चंदनाला सांगायला खोलीकडं पळालो, वाट चुकून अर्ध्या तासानं पोचलो, तर ती जेवून येऊन बाल्कनीत पाय वर करून बसलेली. पाठ माझ्याकडं, क्षमाशी फोन चाललेला. "बाल्कनी मागितली असती तर तुझ्या आप्पांनी दिली असती व्हय गं? म्हणून सूर्य मागितला."

पुढचं बोलणंही ऐकलं — जहाजावर जैन पंगत साडेपाचलाच बसते, हे या दोघींना दिवाळीपासून माहीत आहे.