अण्णांची खोली आणि न निघणारा कप

तीर्थरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण त्यासाठी माणसाला जमिनीवर आडवं व्हायला जागा लागते आणि आमच्या घरात ती सध्या फक्त चाकांना आहे, तेव्हा उभ्यानंच गोड मानून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? भाऊजींची रात्रपाळी संपली का? आणि अण्णा नीट जेवतात का? हे सगळं मनापासून विचारते आहे, पत्राची सुरुवात करायची म्हणून नाही.

तुमचं पत्र पोचलं. मायना सोडला तर त्यात एक शब्द गोड नव्हता. खोली रिकामी होते आहे, होते आहे असं किती दिवस ऐकायचं, अण्णा नको असतील तर तसं तोंडावर सांगा, सायकलींच्या आड लपू नका, असं तुम्ही लिहिलंत. वाचून आधी रडू आलं, मग राग आला आणि मग हसू आलं, कारण सायकलीच्या आड कुणाला लपता येत नाही हो, सगळ्या नुसत्या नळ्याच असतात. तुमचं म्हणणं मला पटतं. तिसऱ्या मजल्यावरून अण्णांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही, ते दिवसभर खिडकीशी बसून असतात, विचारलं तेवढंच बोलतात आणि इकडे यायचा विषय काढला की बाहेर बघत बसतात, हे मला ठाऊक आहे. आमचं घर तळमजल्यावर, मधल्या खोलीला दार थेट अंगणात उघडणारं. ती खोली अण्णांची, हे ठरलेलं आहे आणि त्यात बदल नाही. पण ती अजून त्यांना का मिळत नाही हे सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. (फोनवर सांगितलं असतं, पण फोन केला की तुमच्या शेजारी अण्णा असतात आणि माझ्या शेजारी हे.)

तुमच्या बंधुराजांना जुन्या रेसच्या सायकलींचं वेड लागलं आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण कितपत लागलं आहे ते माहीत नाही. बारीक टायरच्या, मेंढ्याच्या शिंगांसारखी हँडलं वळलेल्या, बसलं की नाक पुढच्या चाकाला टेकेल अशा या सायकली. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सुटल्यावर दुसऱ्यांच्या अडगळी शोधायच्या, असा यांचा दिनक्रम. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे काहीतरी गंजत पडलेलं असतं. तिथे हे जातात, गुडघ्यावर बसतात, सायकल उलटी करतात आणि घरमालकाकडे न बघता तिच्या पोटाकडे बघत बसतात. मग नळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवतात, मागचं चाक जिथे अडकतं ती पट्टी ठोकून घडवलेली आहे की पत्र्यातून कापलेली हे बघतात, सीटखालच्या दांड्याची जाडी मोजतात (माझ्या दुकानातल्या मोजपट्टीनं. चष्म्याच्या काचा मोजायची नाजूक वस्तू ती, हल्ली तिला ग्रीसचा वास येतो) आणि शेवटी एक सुस्कारा सोडतात. सुस्कारा लांब असेल तर सायकल आमच्या घरी येते. आखूड असला तरी येते, पण उशिरा येते.

घरी आल्यावर पहिला नियम, पुसायचं नाही. मळ हा पुरावा असतो म्हणे. मळाखाली रंग, रंगाखाली कंपनीचं चित्र, त्यावरून साल कळतं. मी रोज झाडू मारते ती पुराव्यांना वळसा घालून. एकदा एका फ्रेमवर फडकं फिरवलं तर यांचा चेहरा असा झाला की शेजारीण विचारायला आली, काही वाईट बातमी आहे का म्हणून. आता मधल्या खोलीत भिंतीवर फ्रेमा, छताला चाकं, कपाटात पायडलं आणि अण्णांसाठी आणलेल्या नव्या गादीवर, अजून प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या गादीवर, चेनी वाळत घातल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, विकून टाक म्हणावं. तेच तर घोडं अडलं आहे. गावात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना फक्त फ्रेंच सायकली चालतात, बाकीच्यांना ते फाटकाच्या आत घेत नाहीत. (दात मात्र ते कुणाचेही काढतात.) यांनी त्यांना सांगितलं की माझ्याकडे एक आहे, अस्सल. डॉक्टर म्हणाले, अस्सल असेल तर तिच्यासोबत बाकीची सगळी अडगळही उचलतो, खोली धुऊन देतो म्हणा. पण आधी ती फ्रेंच आहे हे दाखवा. म्हणजे ती एक सायकल फ्रेंच ठरली की डॉक्टर सगळं घेऊन जाणार, खोली रिकामी होणार आणि अण्णा येणार. तुमच्या वडिलांचं येणं एका सायकलीच्या कुळावर अडून बसलं आहे, ताई. हे मी गमतीनं लिहीत नाही.

आता ती सायकल कुठली, हे तिच्याकडे बघून कळायला हवं होतं. पण ती ज्या बाईंची होती त्या निवृत्त मुख्याध्यापिका. यांनी त्यांना आदल्या दिवशी कळवलं, उद्या येतो, फक्त बघायची आहे, काही तयारी करू नका. झालं. बाईंना वाटलं, घरी माणूस येणार आणि आपण त्याच्यासमोर अशी घाणेरडी वस्तू ठेवायची? त्यांनी ती तारेच्या घासणीनं घासली. नावाची, चित्रांची, रेघांची जेवढी म्हणून निशाणी होती तेवढी सगळी गटारात गेली. तरीही मनासारखं होईना, तेव्हा जावयाला बोलावून फाटकाचा उरलेला चंदेरी रंग दोन हात फासून घेतला. हे पोचले तेव्हा फाटक आणि सायकल यांतलं फाटक कुठलं ते बिजागऱ्यांवरून ओळखायचं एवढंच बाकी होतं. बाई कौतुकाच्या अपेक्षेनं उभ्या. यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. शेवटी म्हणाले, छान झाली आहे. आणि तो सुस्कारा इतका लांब होता की सायकल आलीच.

पोटाखाली नंबर ठोकलेला असतो, तो रंगानं बुजलेला. हे मला म्हणाले, तुझे हात हलके आहेत, तू काढ. माझं दुकान दिवसभर, तिथे लोकांच्या चष्म्यांतले राईएवढे स्क्रू काढते, घरी येऊन हे. टाचणी आणि भिंग घेऊन रंग उकरला. नंबर निघाला. हे आनंदानं पुस्तक उघडून बसले आणि तासाभरानं म्हणाले की असा नंबर कुणीही ठोकू शकतं. मी टाचणी यांना न टोचता परत डबीत ठेवली, हे माझ्या नावावर कुठेतरी लिहून ठेवा.

मग उरला एकच पुरावा. पायडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो, त्याला उजव्या अंगाला एक पोलादी झाकण असतं, त्याला कप म्हणतात. फ्रेंच सायकलीचा कप आपल्या बरणीच्या झाकणासारखाच उघडतो. इंग्लिश सायकलीचा नेमका उलटा. तेव्हा कप कुठल्या बाजूनं उघडतो यावरून सायकल कुठली ते कळतं. सोपं आहे, नाही? पण कप गंजलेला. उघडायचा तर जोर लावायला हवा. चुकीच्या बाजूला जोर लावला तर तो आणखी आवळतो. म्हणजे सायकल कुठली हे कळण्यासाठी कप उघडायला हवा आणि कप उघडण्यासाठी सायकल कुठली हे कळायला हवं. हे मला यांनी समजावलं तेव्हा मी भाकरी थापत होते. ती करपली.

यांनी आधीच फ्रेंच ठरवून टाकल्यामुळे हे रोज त्याच बाजूला फिरवतात. हातभर लांबीचा पाना उसना आणला, त्यावर लोखंडी नळी चढवली, नळीवर स्वतः चढले. कप जागचा हलत नाही. तेल पाजलं, शेक दिला. शेजारचे वखारवाले नुसते बघायला आले होते, त्यांनाही लोंबकळवलं. त्यांची पाठ धरली आहे, आणि त्यांच्या बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

आणि यात अण्णांना कुणी ओढलं? तुमच्याच भावानं. परवा तुम्ही बाजारात होतात तेव्हा यांनी फोन लावला. अण्णा तरुणपणी शर्यती मारायचे, म्हणून विचारायला. अण्णा म्हणाले, फोन नळीला लाव आणि चमच्यानं वाजव. हे चमच्यानं फ्रेम वाजवताहेत, तिकडे अण्णा डोळे मिटून ऐकताहेत (मिटले असणारच), आणि मी वरणाचा चमचा शोधते आहे. दोनदा वाजवून घेतल्यावर अण्णांनी निकाल दिला की ही इंग्लिश. उलटा फिरव. हे म्हणाले, आवाजावरून कधी सायकल कळते का? अण्णा म्हणाले, तुला नसेल कळत. हे म्हणाले, फ्रेंच असली तर उलटा फिरवून जन्माची अडकेल. अण्णा म्हणाले, जन्म तुझा आहे की तिचा? मग उजवं म्हणजे कुणाचं उजवं, सायकल उलटी असताना कुणाचं, यावर दोघांची जी जुंपली ती फोनची बॅटरी संपेपर्यंत. अण्णा एवढं बोललेले मी गेल्या वर्षभरात ऐकले नव्हते. हे रागानं लाल, जेवायला बसेनात. म्हणे, इंग्लिश निघाली तर डॉक्टर घेणार नाहीत, खोली रिकामी होणार नाही, अण्णांना एवढंसुद्धा समजत नाही का? मी म्हटलं, सायकलीला समजतं का ते बघा आधी.

तेव्हा ताई, हे असं आहे. अण्णा आम्हाला नको आहेत असं तुम्ही परत कधी लिहू नका, मला लागतं ते. मी आता हात टेकले आहेत. तुम्हीच या माणसाला दोन शब्द सुनवा, थोरल्या बहिणीचं ऐकतो अशी त्याची ख्याती आहे, मी अनुभव घेतलेला नाही. भाऊजींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुमची,
मेटाकुटीला आलेली भावजय

ता. क. : वर लिहिलेलं सगळं काल रात्रीचं, आणि तेव्हा खरं होतं. यांना सुनवू नका. अण्णांना येत्या रविवारी घेऊन या. खोलीत खिडकीजवळ पलंग बसतो, मी मापलं आहे. गादीवरच्या चेनी मी उचलल्या, पुसल्यासुद्धा. सायकली मात्र तिथेच राहणार आहेत, डॉक्टर त्या नेणार नाहीत.

ता. क. दुसरा : नेणार नाहीत हे मला कसं माहीत, असं तुम्ही विचारालच. आज दुपारी मी जेवायला घरी आले, घरात कुणी नव्हतं, आणि त्या कपाला लटकलेल्या पान्याला माझा पदर अडकून फाटला. डोकं फिरलं. आमच्या दुकानात जुन्या चष्म्याचा स्क्रू हटून बसला की आम्ही तो आधी किंचित आवळतो, मग सैल करतो, म्हणजे गंज सुटतो. हाताला तीच सवय. पाना धरला आणि आधी आवळायच्या बाजूनं एक हिसका दिला. कप निघून हातात आला. इंग्लिश आहे. अण्णांचं बरोबर होतं.

ता. क. तिसरा : हे कुणालाही सांगायचं नाही, तुमच्या भावाला तर नाहीच. त्या दिवशी भांडता भांडता हे फोन माझ्या हातात देऊन पुस्तक आणायला गेले, तेव्हा अण्णा मला हळूच म्हणाले होते, सूनबाई, मी येईपर्यंत त्याला तो उघडू देऊ नकोस. येईपर्यंत म्हणाले, ताई. तुमच्याकडे इतके महिने ते येतो म्हणत नव्हते ना? म्हणून मी कप परत जागेवर बसवला आणि पान्यावरच्या त्या लोखंडी नळीला लोंबकळून, होता त्याहून घट्ट आवळून ठेवला आहे.